माझी हरकत आहे

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो मेलेला होता.

खोटं नाही सांगत. बाकावर लांबलचक पेटी, पेटीत पांढरी चादर, चादरीत तो. छातीवर हात, नाकात कापूस. भोवती आठ पोरं मान खाली घालून उभी, आणि त्यातला एक जण पुस्तकातून वाचतोय, "मातीला माती... राखेला राख..."

मी दारातच थिजले. आमच्या घरात 'अरे देवा' म्हणायची पद्धत नाही, म्हणून घाबरले की मी 'आई गं' वर भागवते. पण त्या दिवशी तेही तोंडातून फुटेना. हातात मापाची पट्टी, खांद्याला पिशवी, आणि डोक्यात मुकेश सेठचा हुकूम – "यशू बेटा, बदलापूर जा. पाद्री लोगों की सेमिनरी है, नौ झगे का माप लेके आ. फटाफट!"

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये मुकेश सेठचं दुकान आहे. शाळेचे गणवेश, वकिलांचे कोट, बँडवाल्यांचे लाल डगले, सगळं आम्ही शिवतो. मापं आणि कटिंग माझ्याकडे. चर्चमध्ये उपासना चालवताना पाळक पायघोळ पांढरा झगा घालतात, त्याची ऑर्डर मात्र आम्हाला पहिल्यांदाच आली होती. बदलापूर पूर्वेला, डोंगराच्या बाजूला मेथडिस्ट ख्रिस्ती पंथाची ही छोटीशी सेमिनरी आहे, तिथे पाळक तयार होतात, हेसुद्धा मला त्याच दिवशी कळलं.

नऊ झगे सांगितलेले, आणि नऊतला एक तर हा असा! मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू. केवढासा जीव. जाड भुवया, शांत चेहरा, हनुवटीला बारीकशी खळी... मेलेला माणूस इतका देखणा दिसू शकतो हे मला माहीत नव्हतं. मी चपला काढल्या, पुढे जाऊन हात जोडले आणि पुस्तकवाल्याला हळूच विचारलं, "काय झालं होतं हो यांना?"

त्याने ओठ घट्ट दाबून धरले.

"ग्रीकचा पेपर," पेटीतून आवाज आला.

मी जी किंचाळले! पट्टी एकीकडे, पिशवी एकीकडे, आणि मी धप्पकन फरशीवर. पेटीतला माणूस ताडकन उठून बसला आणि नाकातला कापूस उपटत म्हणाला, "सॉरी, सॉरी! घाबरू नका ताई, मी जिवंत आहे!"

"ताई कोणाला म्हणता?" मी ओरडले. भीतीने अर्धमेली झाले होते, पण ते 'ताई' मला आधी लागलं.

मग काय, सगळा वर्ग खो खो हसायला लागला. मागे खुर्चीवर त्यांच्या शिक्षिका बसल्या होत्या, नीलिमा मॅडम. त्या स्वतः पाळक आहेत. त्यांनी मला पाणी दिलं आणि समजावलं. दफनविधीचा तास होता. उद्या ही पोरं खरोखरच कोणाच्या दुःखाच्या घरी जाणार, तेव्हा हात कापायला नकोत, शब्द अडखळायला नकोत, म्हणून आधी सराव करायचा. दर वेळी एकाने मयत व्हायचं. आज अनुग्रहची पाळी होती.

"अनुग्रह हिवाळे," तो पेटीतून बाहेर येत म्हणाला. "मांजर्लीचा."

"आधी याचं माप घ्या," पुस्तकवाला म्हणाला. त्याचं नाव राजू. "परत जायच्या आत!"

मी पट्टी उचलली. घाबरलेली दिसू नये म्हणून मी आवाज चढवला. "सरळ उभे राहा. श्वास सोडा."

"मघाशी सोडला होता... तुम्हीच परत आणलात."

"हात वर करा. बोलू नका, छातीचं माप चुकतं."

"कमी येतं की जास्त?"

जास्त आलं होतं. चिठ्ठीवर लिहिलं, अनुग्रह, छाती अडतीस, खांदा साडेसतरा.

"तुमचं नाव?" त्याने विचारलं.

"मापाच्या चिठ्ठीवर शिवणारीचं नाव नसतं," मी म्हटलं आणि पुढच्या पोराकडे वळले. चांगला फणकारा मारला असं मला वाटलं. स्कूटी काट्रपपर्यंत आली तेव्हा लक्षात आलं, पिशवी तिथेच राहिली होती. परत गेले तर हा फाटकात पिशवी धरून उभा.

"पिशवीवर नाव आहे," तो म्हणाला. "यशोधरा."

*

झगे शिवून गेले. आता विषय संपायला हवा होता ना? पण शनिवारी दुपारी दुकानात मान वर केली, तर काउंटरपलीकडे हा!

झालं असं की सेमिनरीतल्या पोरांना शनिवार-रविवार एकेका मंडळीत, म्हणजे गावातल्या चर्चमध्ये, काम शिकायला पाठवतात. याच्या वाट्याला विठ्ठलवाडीची मंडळी आली होती. चाळीसेक घरं. आजाऱ्यांना भेटायचं, पोरांचा रविवारचा वर्ग घ्यायचा, म्हाताऱ्यांना वाचून दाखवायचं. आणि तिथून आमचं दुकान, रिक्षाने दहा मिनिटं.

"बटण नाहीये," त्याने झगा पुढे केला.

झग्याला समोर ओळीने एकवीस बटणं. मी स्वतः लावलेली. माझं बटण सुटतं म्हणजे काय? मला धक्काच बसला. गुपचूप लावून दिलं. पुढच्या शनिवारी दुसरं बटण नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी तिसरं. मी घरी जाऊन दोऱ्याचं रीळ तपासलं, रात्री झोप नाही. चौथ्या शनिवारी झगा उजेडात धरला आणि नीट बघितलं.

"अहो पाळकसाहेब, दोरा तुटला की त्याचे धागे विस्कटतात. हा सरळ कापलाय. ब्लेडने."

त्याचे कान लाल झाले. अगदी टोकापर्यंत.

"पाळक होणार आणि खोटं बोलता?"

"मी कुठे म्हटलं तुटलं म्हणून? मी म्हटलं, बटण नाहीये." मग मान खाली घालून म्हणाला, "यशोधरा... एकवीस बटणं आहेत. माझ्याकडे अजून सतरा शनिवार होते."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. इतकं सरळ कोणी बोलतं का! मागून मुकेश सेठ खोकले. "अरे बाबा, बटण का बहाना छोड. चाय पियेगा? यशू, दो कटिंग बोल दे."

तेव्हापासून बटणं कापणं बंद झालं आणि चहा सुरू झाला.

*

ऑक्टोबर असेल. परतीचा पाऊस धो धो. तो निघाला आणि छत्री माझ्याचकडे, म्हणून मी विठ्ठलवाडी डेपोपर्यंत सोडायला गेले. एका छत्रीत दोन माणसं म्हणजे चार खांद्यांपैकी दोनच कोरडे. त्याने छत्री माझ्याकडे इतकी कलती धरली की त्याच्या अर्ध्या शर्टातून पाणी निथळत होतं.

"तुम्ही दिवसभर करता काय तिथे?" मी विचारलं. "नुसतं देव-देव?"

"देव कुठला... संडास धुतो." तो हसला. "पाचला घंटा, साडेपाचला चॅपेलमध्ये प्रार्थना. मग ज्याची पाळी असेल त्याने संडास धुवायचे, कोणी भाजी चिरायची. मग ग्रीक, बायबल मुळातून वाचायला. दुपारी उपदेशाचा वर्ग. तू उभं राहून उपदेश द्यायचा आणि आठ जण वह्या घेऊन तुझ्या चुका लिहिणार. परवा नीलिमा मॅडम म्हणाल्या, अनुग्रह, चांगला बोलतोस, पण तीनदा 'शेवटी' म्हणालास आणि तीनदा पुढे चालू लागलास."

'तू' म्हणाला. उगीच उदाहरण देताना म्हणाला, पण मला ते ऐकू आलं. मग मीही सोडलं नाही.

"तुला खरंच वाटतं का रे, कोणी ऐकतं म्हणून?"

छत्रीवर पाऊस तडतडत होता.

"रोज नाही वाटत," तो म्हणाला. "आई आजारी होती तेव्हा तर प्रार्थनेला शब्दच यायचे नाहीत. चर्चमधल्या म्हाताऱ्या बाया यायच्या. डबा ठेवायच्या, दहा मिनिटं बसायच्या, आईचे पाय चेपायच्या, जायच्या. कोणी उपदेश केला नाही. आई गेली... आणि मला वाटलं, देव असेल तर असाच असणार, डबा घेऊन येणारा. आपणही तेच काम करावं. म्हणून आलो."

मी म्हटलं, "आमच्यात ऐकणारा कोणी नाही. विहारात आम्ही बसतो आणि आपलं आपणच ऐकतो. आजी म्हणते, आपल्यात काय चाललंय ते आधी बघ, मग दुसऱ्याचं दार ठोठाव."

"तुझी आजी नीलिमा मॅडमपेक्षा छान उपदेश देते."

"आणि पाळकपदाची दीक्षा झाल्यावर? कुठे जाणार?"

"साहेब लोक ठरवतात. वर्षाच्या सभेत यादी वाचतात. नाव आलं की ट्रंक उचलायची. आज विठ्ठलवाडी, उद्या लातूर."

"म्हणजे तू जाणारच."

"हो, पण..." तो थांबला. "आमच्यात बायकोला मागे ठेवून जात नाहीत, यशोधरा."

बघा! माझं नाव काय, तो बोलतो काय! सिद्धार्थाने मागे ठेवलेली यशोधरा आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेली. मी छत्री त्याच्या हातात कोंबली आणि पावसातून तशीच पळत सुटले. दुकानात आले तेव्हा सेठ म्हणाले, "छाता किधर है?" मी म्हटलं, बसमध्ये गेली.

पण खरं सांगते, त्या दिवसानंतर आम्ही दोघांनी त्या विषयावर एक शब्द काढला नाही. काढणार कसा? त्यांच्याकडे लग्न ठरवायच्या आधी पाळकाने चर्चच्या कमिटीला सांगायचं असतं, आणि बायको मंडळीतलीच असावी अशी अपेक्षा. लिहिलेला नियम नाही म्हणे, पण आजवर कोणी मोडलेला नाही. आणि मी? मी कौसाबाईची नात. माझा धम्म सोडून बाप्तिस्मा घेऊ? मी नाही सोडला तर त्याला पाळकपद सोडावं लागणार, आणि त्याने ते सोडलं तर तो अनुग्रह तरी कसला राहणार? आम्ही चहा प्यायचो आणि हवापाण्यावर बोलायचो.

*

फेब्रुवारीत दुरुस्त केलेले दोन झगे घेऊन मी पुन्हा सेमिनरीत गेले. वर्गात पाऊल टाकलं, तर फळ्यासमोर राजू डोक्यावरून ओढणी घेऊन, हातात कागदी फुलांचा गुच्छ धरून लाजत उभा!

"काय झालं याला?" मी दचकून विचारलं.

"लग्नविधीचा तास," नीलिमा मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून त्यांचे डोळे चमकले. "यशोधरा, दहा मिनिटं उभी राहशील का गं? राजूला मिशी आहे, पोरं हसतात आणि तास वाया जातो."

नाही म्हणायला हवं होतं. पण राजूने तोपर्यंत ओढणी माझ्या डोक्यावर टाकली होती. नवरा कोण, याच्या चिठ्ठ्या पाडल्या. चिठ्ठी निघाली, अनुग्रह. मला अजून संशय आहे की राजूने नऊच्या नऊ चिठ्ठ्यांवर एकच नाव लिहिलं होतं.

आम्ही शेजारी उभे राहिलो. त्याने मी शिवलेला झगा नाही, साधा निळा शर्ट घातला होता, आणि त्याच्या अंगाला साबणाचा वास येत होता. अगं, नाटक आहे हे, मी स्वतःला बजावलं. काल तो मेलेला होता, आज नवरा आहे, उद्या बाळ होऊन बाप्तिस्मा घेईल.

राजूने पुस्तक उघडलं आणि गंभीर आवाज काढला. "या दोघांचा विवाह का होऊ नये याचं कारण कोणाला ठाऊक असेल, तर त्याने ते आत्ताच सांगावं. नाहीतर यापुढे कायमचं गप्प राहावं."

पद्धतीप्रमाणे तो थांबला. वरती पंखा करकरत होता.

"माझी हरकत आहे," अनुग्रह म्हणाला.

सगळ्यांच्या माना गर्रकन वळल्या.

"अरे गाढवा, तू नवरा आहेस!" राजू पुटपुटला. "नवऱ्याला हरकत घेता येत नाही."

"अनुग्रह, थट्टा नको," मॅडम म्हणाल्या.

"थट्टा नाही मॅडम." त्याचा चेहरा घामाने भिजला होता. "मी पेटीत झोपू शकतो. बाहुलीला बाप्तिस्मा देऊ शकतो. पण याच्या पुढचं वचन आहे ना... सुखात, दुःखात, आजारात... ते मी हिच्यासमोर सराव म्हणून नाही म्हणू शकत. कारण मला ते खरंच म्हणायचंय." आणि मग तो माझ्याकडे वळला. "तुलाच म्हणायचंय."

मॅडमनी हातातला खडू मोडला. कोणीतरी मागे "प्रेझ द लॉर्ड" म्हणालं आणि त्याला कोणीतरी चापट मारली.

आणि मी काय केलं? मी पळाले. डोक्यावर ओढणी, हातात कागदी फुलं, तशीच स्कूटीवर बसले आणि थेट अंबरनाथला घर गाठलं. सिग्नलला एक रिक्षावाला म्हणाला, "भागके जा रही हो क्या बहन?" मी त्याला काय सांगणार!

*

आजी दारात बसून लसूण सोलत होती. तिने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"हे कुणाचं लगीन मोडून आलीस?"

मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं, पेटीपासून हरकतीपर्यंत. बाबा आत बातम्या बघत होते, त्यांनी टीव्ही बंद केला. माझे बाबा हरिचंद्र, ऑर्डनन्स फॅक्टरीत तीस वर्षं काढलेला माणूस, कमी बोलतात. ते कमी बोलतात तेव्हाच मला जास्त भीती वाटते.

"तो तुला बाप्तिस्मा घे म्हणाला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"म्हणेल. आज नाही तर उद्या. तो नाही तर त्याची माणसं."

आजीने लसणाचं सूप बाजूला सारलं. "आठ वर्षांची होते मी," ती म्हणाली, "बापाचा हात धरून धम्मदीक्षेला गेले. घरातले देव त्याने नदीत सोडले त्या दिवशी. गावात पाटलासमोर वाकून उभा राहणारा माझा बाप, परत येताना ताठ चालत होता. मला पळावं लागत होतं त्याच्यामागं. यशू, आपण धर्म बदलला तो माणूस म्हणून उभं राहायला. नवरा मिळवायला पुन्हा वाकायचं नाय."

"मी नाही वाकणार गं आजी."

"मग रडतीस कशाला? आपण घरात बसून त्या पोराच्या मनातलं ठरवायचं का? जा आणि विचार त्याला."

बाबा उठले. "विचार. 'बदल' म्हणाला तर विषय तिथेच संपला. नाही म्हणाला..." ते थोडे घुटमळले. "नाही म्हणाला तर त्याला माझ्यासमोर आण."

एवढं बोलले! मी आणि आजी एकमेकींकडे बघत राहिलो. मला वाटलं होतं घर डोक्यावर घेतील.

पण विचारायला धीर हवा ना. चार दिवस मी नुसती कापडं कापली आणि दोन गणवेशांच्या बाह्या उलट्या लावल्या. शुक्रवारी राजूचा फोन आला.

"वहिनी... सॉरी, यशोधराताई. उद्या अकरा वाजता कमिटी आहे. दीक्षेआधीची शेवटची. त्याला आम्ही सगळ्यांनी सांगितलं, गप्प बस, दोन महिन्यांनी दीक्षा आहे, नंतर बघ काय ते. मॅडमपण म्हणाल्या, घाई करू नकोस. ऐकत नाही. म्हणतो, तोंडावर विचारतील तेव्हा लपवणार नाही. सहा वर्षांचं शिक्षण पाण्यात घालतोय हो तो!"

*

शनिवारी अकराला पाच कमी असताना मी स्कूटी फाटकात अक्षरशः टाकली. मला दोन कामं होती. एक, त्याला गप्प बसवायचं. दोन, आजीचा प्रश्न विचारायचा. दोन्ही एकाच माणसाला एका दमात कसं सांगायचं ते काही सुचत नव्हतं. आणि पोहोचले तर कमिटी वेळेआधीच बसलेली. वाचनालयाचं दार अर्धवट उघडं, आणि बाहेर राजू नखं खात उभा.

आत लांब टेबलामागे पाच जण. मध्ये पांढऱ्या केसांचे अध्यक्ष साहेब, त्यांच्या शेजारी सुती साडीतल्या एक वयस्कर काकू. अनुग्रह समोर उभा होता. मला त्याची पाठ दिसत होती. खांदा साडेसतरा. आता त्याहून बारीक वाटत होता.

"मुलगी आपल्या मंडळीतली नाही?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. बौद्ध आहे."

"बाप्तिस्मा घेईल?"

"मी तिला विचारणार नाही."

माझा हात आपोआप भिंतीला टेकला.

"का विचारणार नाहीस?"

"कारण मला कोणी म्हटलं, लग्नासाठी तुझा प्रभू सोड, तर मी त्या माणसावर प्रेम करू शकणार नाही. मग मी तिला तसं कसं म्हणू? आज नाही आणि उद्याही नाही. तिच्या मनात आपणहून काही आलं तर तो तिचा प्रश्न. मी दार उघडं ठेवीन, पण तिला ढकलणार नाही."

"आणि रविवारी पाळकाच्या बायकोने बसायचं कुठे?" काकूंनी विचारलं.

"तिला वाटेल तिथे, काकू. विहारात बसली तरी माझा उपदेश तेवढाच लांबेल."

कोणी हसलं नाही. साहेब पुढे झुकले. "दीक्षा किमान वर्षभर पुढे जाईल. झगा घालता येणार नाही. प्रभुभोजनाची भाकर वाटता येणार नाही. तुझ्या बरोबरीचे पुढे जातील आणि तू कोणाच्या तरी हाताखाली सतरंज्या घालशील. समजून बोलतोयस ना?"

"हो साहेब." आवाज कापला. पण हो म्हणाला.

"बरं. मुलगी काय म्हणते?"

अनुग्रह खाली फरशीकडे बघायला लागला.

"मी विचारतोय, मुलीचं काय म्हणणं आहे?"

"तिने... अजून काही सांगितलं नाही."

"म्हणजे?"

"मी बोललो तेव्हा ती पळून गेली, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. काकूंच्या हातातलं पेन टेबलावरून घरंगळत खाली पडलं.

"होकार नाही?" साहेब जवळजवळ ओरडले. "मुलीचा होकारच नाही, आणि तू दीक्षा पणाला लावून बसलास?"

"ती नाही म्हणाली तरी मला पाळकच व्हायचंय, साहेब. पण तुम्ही विचारलं, मनात कोणी आहे का. आहे. खोटं बोलून तो झगा मला अंगावर घालवणार नाही."

राजू माझा दंड धरत होता बहुतेक. मला काही कळलं नाही. मी दार ढकललं आणि आत गेले.

"मी काय म्हणते ते मीच सांगते," मी म्हटलं.

अनुग्रह वळला. त्याचे डोळे एवढे मोठे झाले.

"मी यशोधरा. मी बाप्तिस्मा घेणार नाही. रविवारी विहारात जाईन, आणि आमच्या वेळा जुळल्या तर याचा उपदेश ऐकायला मागच्या बाकावर बसेन, कारण तो तीनदा 'शेवटी' म्हणतो की चारदा ते कोणीतरी मोजायला हवं. आजाऱ्याच्या घरी डबा न्यायचा असेल तर मी नेईन. त्यासाठी बाप्तिस्मा लागतो का ते तुम्ही ठरवा. आणि माझं म्हणणं..." इथे माझा आवाज फुटला, निर्लज्जासारखा. "माझं म्हणणं, हो."

मग काकू खाली वाकल्या, पेन उचललं आणि कागदावर काहीतरी लिहायला लागल्या. साहेबांनी एक लांब श्वास घेतला.

"मुली, तुझं धैर्य मला आवडलं. पण कमिटीचा निर्णय मला बदलता येणार नाही. दीक्षा एक वर्ष पुढे. तोवर तो विठ्ठलवाडीला मदतनीस म्हणून राहील, मग पुन्हा विचार करू. वर्षभर थांबावं लागेल."

"मी नाही थांबणार," मी म्हटलं.

अनुग्रहचा चेहरा पांढराफटक पडला. दारात राजूने डोळे मिटून घेतले.

"दीक्षेला वर्ष लागू दे नाहीतर दोन लागू दे," मी म्हटलं. "ते तुमचं आणि त्याचं. तो थांबेल, मला माहिताय. पण लग्नाला कशाला थांबायचं? मला पाळक नकोय साहेब, मला हा हवाय. पाळक त्याला व्हायचंय, आणि तो होईल. याला माझ्या बाबांसमोर उभं करते, मग आम्ही रजिस्टर लग्न करू. तुमची काही हरकत?"

साहेबांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली, नाही.

अनुग्रह मटकन खाली बसला. मागे खुर्ची आहे असं त्याला वाटलं असणार, पण तिथे खुर्ची नव्हती. पाच जणांसमोर फरशीवर बसून तो माझ्याकडे बघत राहिला, तोंड उघडं, डोळ्यांत पाणी.

"तुझ्या बाबांसमोर..." त्याने आवंढा गिळला. "आज जायचं की उद्या?"

"आजच," मी म्हटलं आणि हात पुढे केला. "आधी ऊठ तरी."